मिस्त्रींना सुई चालत नाही

दातांच्या दवाखान्यात मी एकोणतीस वर्षं काम केलं. आधी फरशी पुसायला लागले, मग हत्यारं उकळायला, आणि शेवटी खुर्चीशेजारी उभी राहायला. हे शेवटचं काम कुणी शिकवत नाही. डॉक्टर भुलेची सुई हातात घेतात तेव्हा पेशंटचं लक्ष सुईकडे असतं, डॉक्टरांचं हिरडीकडे, आणि माझं पेशंटच्या पायांकडे. माणूस घाबरला की आधी त्याच्या पायाची बोटं आखडतात. चेहऱ्याला सोंग आणता येतं, पायांना येत नाही. बोटं आखडली की मी माझी दोन बोटं त्याच्या मुठीत द्यायची. अख्खा हात द्यायचा नाही. ही अक्कल मला एका ट्रक ड्रायव्हरमुळे आली, महिनाभर मी हात गळ्यात बांधून हिंडत होते.

सुई टोचल्यावर माणसं काय काय करतात ते सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. एक पोस्टमास्तर होते, ते हसत सुटायचे. एक शाळेतल्या बाई जीभ जड होईपर्यंत सतराचा पाढा म्हणायच्या, आणि चुकल्या तर पहिल्यापासून. एक ठेकेदार, मजुरांवर सहा मजले ऐकू जाईल असा ओरडणारा, सुई टोचून बाहेर निघाली, डॉक्टर हात धुवायला गेले, मग पडला. शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, कुणी पाहिलं का. पुष्कळांची छाती धडधडते, हात थरथरतात; दोन मिनिटं थांबलं की उतरतं. आणि गाल बधिर झाला की सगळे आरसा मागतात. गाल फुग्यासारखा फुगलाय असं त्यांना वाटत असतं, आरशात बघावं तर होता तसाच.

प्रत्येक पेशंटचं एक कार्ड असायचं. कुणाला एखादं औषध सोसत नसेल तर कार्डाच्या वरच्या कडेला लाल शाईनं तसं लिहायचं, आणि डॉक्टरांनी सुई उचलायच्या आधी ती कड बघायची, असा आमच्याकडे नेम होता. खणात तीन-साडेतीन हजार कार्डं होती. लाल शाईची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या एका कार्डावर लिहिलं होतं, 'मिस्त्रींना सुई चालत नाही.'

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. सुतारकाम करतात, म्हणून सगळे मिस्त्रीच म्हणतात, सासूबाईसुद्धा म्हणायच्या. आणि ते चार शब्द माझ्या हातचे.

मी दवाखान्यात लागून तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. काउंटरवरच्या बाईंनी त्याच वर्षी मला लिहा-वाचायला शिकवलं होतं, कारण मी कार्डं नको त्या खणात ठेवायची आणि शोधताना त्यांना घाम फुटायचा. चाळिशी ओलांडली होती मी. मिस्त्रींची वरची दाढ किडली होती आणि थोरल्या डॉक्टरांनी, दवाखाना तेव्हा त्यांचा होता, ती काढायची ठरवली. नवरा आपण काम करतो तिथं येणार, म्हणून मला कोण मिरवावंसं वाटत होतं. आदल्या दिवशीच मी त्यांना बजावलं, उद्या अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. माझ्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्सनी तिला बारा तास उपाशी ठेवलं होतं. भूल म्हटलं की उपाशी राहायचं, एवढं मला ठाऊक. डॉक्टरांना विचारावं असं मनातही आलं नाही. दवाखान्यात काम करते म्हणजे मीच अर्धी डॉक्टर झाले होते.

मिस्त्रींनी ऐकलं. पहाटेपासून एका घराच्या चौकटी बसवल्या, उपाशी पोटी, आणि सायकल मारत भर उन्हात आले. दहाची वेळ दिली होती, त्यांचा नंबर लागला दीड वाजता. सुई दिली तशी त्यांची छाती उडायला लागली. हात लटपटायला लागले. मला बाहेर जाऊ द्या, म्हणत ते उठून उभेच राहिले, आणि उभ्या उभ्या चुन्यासारखे पांढरे पडले. घामानं निथळले आणि कोसळले. कपाळ हत्यारांच्या स्टँडवर आपटलं. दोन टाके पडले. थोरल्या डॉक्टरांनी त्यांना जमिनीवरच आडवं केलं, पाय स्टुलावर ठेवले. दोन मिनिटांत डोळे उघडले आणि म्हणाले, "माझा टेप कुठाय?"

डॉक्टर हसले. घाबरले असतील, होतं असं, पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. पण त्या दोन मिनिटांत मी मनातल्या मनात विधवा होऊन दोन पोरं घेऊन रस्त्यावर उभी राहिले होते. माझ्या डोक्यात एकच बसलं, सुईनं माझा माणूस नेला होता आणि नशिबानं परत दिला. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्यांचं कार्ड काढलं, काउंटरवरच्या बाईंचं लाल पेन घेतलं आणि लिहिलं. कुणी न सांगता, कुणाचं न बघता लिहिलेली ती माझी पहिली ओळ. अक्षर चांगलं आलं होतं, ह्याचा मला आनंदसुद्धा झाला.

कुणी विचारलं नाही ओळ कुणी लिहिली. डॉक्टरांचे दिवसाला तीस पेशंट, ते कड बघायचे आणि सुई खाली ठेवायचे. एकदा म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलात तपासून घेऊ या का. आम्ही दोघं एका आवाजात नको म्हणालो.

मिस्त्रींची ती दाढ आणि पुढच्या वर्षांत आणखी तीन, असे चार दात भुलेवाचून निघाले. पहिले दोन हलत होते, त्यांचं फार वाटलं नाही. पुढचे दोन हलत नव्हते. हिरडीला मलम चोळायचं, वरून बर्फ धरायचा, आणि मी मागून त्यांचं डोकं पोटाशी घट्ट धरायची. ते ओरडायचे नाहीत. रंधा गाठीत अडकला की जसा आवाज येतो तसा आवाज घशातून यायचा, आणि तो कानांपेक्षा माझ्या पोटातच जास्त ऐकू यायचा. घरी आल्यावर म्हणायचे, "तुमच्या दवाखान्यातल्या खुर्च्या मात्र मजबूत आहेत."

एक गोष्ट मला इथं लिहिलीच पाहिजे. मी खुर्चीशेजारी उभी राहायला लागले तेव्हा थोरल्या डॉक्टरांनी मला एक काम लावून दिलं होतं, सुईआधी प्रत्येकाला विचारायचं, खाऊन आलात ना. उपाशी माणूस पडतो, ते म्हणायचे. मी हजारो जणांना विचारलं. उपाशी आलेल्यांना बाहेर पिटाळलं, चहा-बिस्किटं खाऊन या म्हणून. मग मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. एकदम नाही, छपराला ओल येते तसं हळूहळू. पण तोपर्यंत दोन दात निघून गेले होते. ओळ खोडायची तर ती का खोडली ते सांगावं लागलं असतं. मी मूग गिळून बसले. तिसऱ्या दाताच्या वेळी बसले आणि चौथ्याच्या वेळीही.

दोन वर्षांपूर्वी थोरले डॉक्टर घरी बसले आणि त्यांच्या पुतणीनं दवाखाना घेतला. कॅनव्हासचे बूट घालणारी, हळू बोलणारी पोरगी, पण आम्ही मॅडमच म्हणायचो. कार्ड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. त्याच सुमाराला मिस्त्रींची खालची शेवटची दाढ बिघडली. वरचा भाग हिरडीपाशी तुटून गेला, मुळं आत राहिली आणि पू धरायला लागली. जबडा सुजला. गोळ्यांनी उतरला, पुन्हा सुजला. पुन्हा गोळ्या. महिनाभर ते दुधात कुस्करलेल्या पावावर होते आणि लाकडाच्या भुश्यासारखे हलके दिसायला लागले होते.

मॅडमनी दाढेचा एक्स-रे फोटो उजेडात धरून आम्हाला समजावलं. हिरडी कापून, थोडं हाड कोरून मुळं काढावी लागतील. हे भुलेवाचून होणार नाही, कुणी म्हटलं तरी त्या करणार नाहीत. मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण बेशुद्ध करून करता येईल, पण मिस्त्रींचं हृदय अलीकडे कमजोर झालं होतं आणि हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला साफ नको म्हटलं होतं. आणि आता तिसऱ्यांदा सूज आली तर ती गळ्यात उतरू शकते, मग श्वासाचं कठीण होतं. सुई सोसते की नाही याची तपासणी हॉस्पिटलात करता येते, पण तारीख दीड महिन्यानंतरची मिळत होती. दाढ तेवढी थांबणार नव्हती.

मग त्यांनी लाल ओळीवर बोट ठेवलं आणि त्या दिवशी नक्की काय झालं ते विचारलं. मिस्त्री म्हणाले, सुई दिली आणि अंधार झाला. अंगावर गांधी उठल्या होत्या का? नाही. ओठ, डोळे सुजले होते का? नाही. दम लागला होता? नाही. किती वेळानं शुद्ध आली? लगेच. त्या दिवशी काही खाल्लं होतं का?

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. आठवत नाही बुवा, म्हणाले. मी पुसलेला ट्रे पुन्हा पुसत होते. ओळ कुणी लिहिली, मॅडमनी मला विचारलं, आणि मी म्हणाले, पेशंटनंच सांगितलं असेल. गुरुवारपर्यंत विचार करा, असं म्हणून त्यांनी कार्ड टेबलावरच ठेवलं, खणात टाकलं नाही.

घरी आल्यावर मिस्त्री मागच्या पडवीत एका स्टुलाला पॉलिश पेपर मारत बसले. मी चहा दिला, तो त्यांनी गार करत ठेवला. गरम लागलं की दाढ ठणकायची. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

"त्या दिवशी तुम्हाला उपाशी मी ठेवलं होतं," मी म्हणाले.

"ठाऊक आहे की. उपाशी मीच होतो."

"डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मी माझ्या मनानं सांगितलं. आणि ती लाल ओळपण मीच लिहिली."

पेपर थांबला. ते स्टुलाच्या पायाकडे बघत राहिले. मग त्यांनी तेच विचारलं ज्याला मी इतकी वर्षं भीत होते.

"तुला कळलं कधी?"

"तिसऱ्या दाताच्या आधी."

त्यांनी पॉलिश पेपरची घडी घातली, खिशात ठेवली आणि चपला घालून बाहेर गेले. दोन तासांनी आले. जेवले, आपली ताटली स्वतः घासून पालथी घातली. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी ताटली घासली ती दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मी बाळंतीण होते. भांडले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. बोलायचे ते कामापुरतं, छत्री कुठाय, दूध आलं का.

बुधवारी सकाळी दाढी करताना आरशातूनच म्हणाले, मॅडमना सांगून ये. मी विचारलं, काय सांगू. म्हणाले, "मला सांगितलंस ते. सगळं. तिसऱ्या दातासकट."

मी सांगितलं. मॅडम रागावतील म्हणून पदर आवळून उभी होते. त्यांनी मला स्टूल दिलं आणि एकेक गोष्ट विचारून लिहून घेतली, जशी मीच पेशंट. उन्हातून आले होते का, उभे कधी राहिले, रंग कसा झाला, आडवं केल्यावर किती वेळानं बोलले. मग म्हणाल्या, भुलेच्या औषधात रक्त आवळून धरणारं आणखी एक औषध असतं, त्यानं छाती धडधडते. त्यात पोट रिकामं, मनात भीती, आणि हे उठून उभे राहिले. एवढं सगळं जुळल्यावर कुणीही पडेल. ते दुसरं औषध नसलेली भूल त्या देणार होत्या, आडवं झोपवून, थेंबाथेंबानं. शेवटी म्हणाल्या, "मावशी, काकांनीपण एकदा तरी विचारायला हवं होतं." काका म्हणजे थोरले डॉक्टर. त्या एका वाक्यानं माझं ओझं उतरलं नाही, पण दुसऱ्या खांद्यावर घेता आलं.

गुरुवारी मी मिस्त्रींना घरून दूध-पाव खायला घालून निघाले. दवाखान्याच्या जिन्यापाशी पिशवीतून दोन केळी काढली. त्यांनी एक खाल्लं. दुसरं नको म्हणाले. मी हटून बसले तेव्हा खिशात टाकलं. "दात काढायचाय की बाळंतपण करायचंय?" म्हणाले. तीन दिवसांतला तो पहिला टोमणा. माझा जीव जरासा भांड्यात पडला.

खुर्ची पार आडवी केली, पाय डोक्यापेक्षा वर. बोटाला नाडीचा चिमटा लावला, त्याचे आकडे पडद्यावर दिसत होते. बाजूला तातडीच्या औषधांची पेटी उघडून ठेवली होती. मॅडमनी हळूच विचारलं, आज खुर्चीशेजारी नवी पोरगी उभी राहील का, मावशी बाहेर बसतील. मिस्त्री आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "हिलाच उभी करा. चूक हिची आहे, हिलाच बघू दे."

मी उभी राहिले. सवयीनं पायांकडे पाहिलं. मोज्याच्या आत बोटं आखडली होती. मी दोन बोटं पुढं केली. त्यांनी क्षणभर पाहिली आणि धरली.

मॅडमनी थेंबभर औषध दिलं आणि सुई काढून घेतली. आता पंधरा मिनिटं नुसतं बसायचं, म्हणाल्या. पडद्यावर अठ्ठ्याऐंशी होते. चौऱ्याण्णव झाले. एकशेचार. एकशेबारा. "सुरू झालं," मिस्त्री म्हणाले, आणि माझी बोटं अशी आवळली की अंगठी रुतली. मॅडम घाई न करता त्यांच्या मानेवर, छातीवर, हातावर गांधी आहेत का बघत होत्या. बघता बघता विचारलं, मिस्त्रीकाका, दोन फळ्या खिळ्यावाचून कशा जोडतात हो, गोंदानं का? मिस्त्रींना गोंद म्हटलं की राग येतो. त्यांनी सांगायला सुरुवात केली, एका फळीला दाते कापायचे, दुसरीला त्यांच्या मापाच्या खाचा. मॅडमनी मुद्दाम उलटं समजून घेतलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझा हात सोडून दोन्ही पंजे एकमेकांत अडकवून दाखवले. पडद्यावर ब्याण्णव होते.

मग बाकीची भूल दिली. थोड्या वेळानं त्यांनी बोटानं आपला ओठ चाचपला आणि म्हणाले, "हा कुणाचा बसवला?"

चाळीस मिनिटं काम चाललं. मी पोट घट्ट करून त्या आवाजाची वाट बघत होते. गाठीत अडकलेल्या रंध्याचा आवाज. तो आलाच नाही. लाळ ओढणारी नळी तेवढी फुरफुरत होती. शेवटचं मूळ ट्रेमध्ये टणकन पडलं तेव्हा मिस्त्रींनी डोळे उघडले.

"झालं मिस्त्रीकाका," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाकड्या ओठानं, नीट उमटवत, ते एकच शब्द बोलले. "एवढंच?"

डोळ्यांच्या कडांतून पाणी निघालं आणि ते आडवे असल्यामुळे दोन्ही कानांत गेलं. मॅडम दचकल्या, दुखतंय का म्हणाल्या. त्यांनी मान हलवली. कशाचं पाणी होतं ते मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. मी कापसानं त्यांचे कान टिपले. आधी एक, मग दुसरा. तेवढंच करता येण्यासारखं होतं.

मॅडमनी नवं कार्ड केलं आणि त्यावर काय दिलं, किती दिलं, कसं सोसलं ते लिहिलं. जुन्या कार्डावरची लाल ओळ खोडायला त्यांनी मला पेन दिलं. मी ओळ खोडली. अक्षर खरंच चांगलं होतं. पेन परत ठेवायला वळले तशी टेबलाची कड सरकल्यासारखी वाटली आणि कानात शिट्टी वाजायला लागली. मिस्त्री तोपर्यंत खुर्चीत उठून बसले होते, तोंडात कापसाचा बोळा. त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं. मग खिशात हात घातला, केळं काढलं, सोललं आणि माझ्यापुढे धरलं.

सकाळपासून त्यांना दोनदा खायला घातलं होतं मी. स्वतः चहासुद्धा घेतला नव्हता. स्टुलावर बसून मी ते केळं सगळं खाल्लं, ते बघत होते तोवर.

घरी दोन-तीन तास गरम काही द्यायचं नव्हतं. बधिर ओठ दातांखाली येतो आणि कळत नाही, मी लाख वेळा लोकांना बजावलेलं. दर थोड्या वेळानं मी त्यांच्या ओठाला बोट लावायची आणि विचारायची, कळतंय का. ते मान हलवायचे, नाही. पडवीत ऊन स्टुलाच्या एका पायावरून दुसऱ्यावर गेलं. पाचव्या की सहाव्या वेळी त्यांनी माझं बोट धरून ठेवलं.

"कळतंय?"

"मुंग्या येतायत. दुखायलापण लागलंय." हे त्यांनी अशा समाधानानं सांगितलं की मला हसू आलं. मग बोट न सोडता म्हणाले, "त्या चार दातांचा राग मी उद्यापासून धरणार आहे. आज तोंड चालत नाही."

"धरा," मी म्हणाले. "न्याहारी करून मग धरा."